खडपातले रंगीत स्पंज धक्का न लावता कसे बघायचे

मालवणच्या रॉक गार्डनला संध्याकाळी गर्दी असते, सगळे सूर्यास्ताचे फोटो काढत कातळावरून, म्हणजे खडपातून, फिरत असतात आणि ओहोटी असली की डबक्यांमधूनच चालत पुढे जातात. त्या डबक्यांच्या कडेला, कपारीत, दगडाच्या पोटाला केशरी, जांभळं, पिवळं काहीतरी चिकटलेलं असतं. कोणी त्याला शेवाळ म्हणतं, कोणी म्हणतं रंग सांडलाय, आणि एकदा माझ्यासमोर एका काकांनी नातवाला सांगितलं की अरे तो गादीतला फोम आहे, लोक कचरा टाकतात ना समुद्रात. नातू तो उपटायला वाकलाच होता. तो फोम नव्हता, स्पंज होता, जिवंत प्राणी, आणि कदाचित त्या नातवाच्या वयापेक्षा जास्त वर्षं त्या कपारीत बसलेला.

तेव्हापासून मी ज्यांना ज्यांना किनाऱ्यावर घेऊन जाते त्यांना हेच सगळं तोंडी सांगत असते, दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढलं. डायव्हिंग यायला पाहिजे असं काही नाही. यातलं बरंचसं डबक्याच्या कडेला कातळावर उभं राहून जमतं.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

दहावीच्या पुस्तकात रंध्रीय प्राणीसंघ म्हणून छोटासा भाग होता, आठवत असेल, सायकॉन, युस्पाँजिया अशी नावं पाठ करून आपण पेपर लिहिला आणि विसरलो. तोच हा. याला हृदय नाही, पोट नाही, मेंदू नाही, नसा नाहीत. अंगभर बारीक बारीक भोकं, त्यातून पाणी आत येतं, आत कॉलर पेशी असतात त्या आपले केसासारखे धागे सारखे हलवत राहतात आणि त्यामुळे पाणी ओढलं जातं, त्यातले बॅक्टेरिया आणि बारीक कण गाळून खाल्ले जातात आणि गाळलेलं पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. त्या मोठ्या तोंडाला ऑस्कुलम म्हणतात, हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक स्पंज दिवसभरात स्वतःच्या आकाराच्या हजारो पट पाणी असं गाळून काढतो. खाणं पाण्यातून, श्वास पाण्यातून, घाण टाकायची पाण्यात, पिल्लं सोडायची पाण्यात. म्हणजे याचं सगळंच्या सगळं अंगातून वाहणाऱ्या पाण्यावर चालतं, ते थांबलं की संपलं. खाली मी जे जे नियम सांगणार आहे ते सगळे यातूनच येतात, त्यामुळे नियम विसरलात तरी चालेल, फक्त उभं राहिल्यावर स्वतःला विचारा की मी आत्ता जे करतोय त्याने याच्या अंगातलं पाणी थांबेल का किंवा गढूळ होईल का.

स्पंज प्राणी आहे की वनस्पती यावर कित्येक शतकं गोंधळ होता. १८२० च्या दशकात एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने भांड्यातल्या जिवंत स्पंजाकडे तासन्‌तास बघून हे आत येणारं आणि बाहेर पडणारं पाणी टिपलं, आणि पुढे या संघाला पोरिफेरा म्हणजे भोकंवाले हे नाव पण त्यानेच दिलं. त्याच्याबरोबर किनाऱ्यावर फिरणाऱ्या विद्यार्थ्यांत तरुण चार्ल्स डार्विन होता. मला हे फार आवडतं, कारण त्याचं मुख्य काम काय होतं तर शांत बसून बघणं, आणि ते आपल्याला पण जमू शकतं.

आता स्पंजाचा प्रवाळाशी, म्हणजे कोरलशी, काय संबंध, तर प्रवाळाच्या भागात पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य भरपूर असतं पण ते बहुतेक प्राण्यांना खाताच येत नाही. स्पंज ते शोषून घेतो, आणि आपल्या जुन्या पेशी झपाट्याने टाकत राहतो, त्या टाकलेल्या पेशींवर खेकडे, गोगलगायी, किडे जगतात. २०१३ मध्ये हे चक्र शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. शिवाय हॉक्सबिल नावाचं कासव, त्याची चोच ससाण्यासारखी असते, ते प्रवाळाच्या भागात मुख्यतः स्पंजच खातं. आणि फ्लोरिडाच्या उथळ खाडीत १९९१ नंतर शैवालाचा फुलोरा येऊन स्पंज मेले तेव्हा त्यांच्या खाली लपणारी शेवंडाची (लॉबस्टरची) पिल्लं उघडी पडली. शेवंड म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रक्ताच्या कॅन्सरवर सायटॅराबिन नावाचं औषध देतात, १९६९ पासून वापरात आहे. त्याची मूळ कल्पना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात १९५० च्या सुमारास सापडलेल्या रसायनांवरून आली. पळून जाता येत नाही, चावता येत नाही, मग हा प्राणी रसायनं बनवून स्वतःला वाचवतो, आणि ती आपल्या कामी येतात.

कधी जायचं

पावसाळ्यात नाही. पाणी गढूळ, लाटा मोठ्या, कातळ शेवाळलेला, पाय घसरला तर आधाराला काही नाही. ऑक्टोबर संपता संपता पाणी निवळायला लागतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं.

दिवस निवडताना पंचांग बघा, म्हणजे खरंच कालनिर्णय उघडा. उधाणाचे दिवस हवेत, पौर्णिमा किंवा अमावस्या आणि त्यानंतरचे दोनतीन दिवस, कारण तेव्हा भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा कातळ उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, तेव्हा जाऊन काही दिसत नाही.

वेळ काढायची जुनी पद्धत आहे, तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. समजा वद्य तृतीया आहे, तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनला भरती आणि सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. म्हणून मला पौर्णिमेनंतरची द्वितीया तृतीया सगळ्यात सोयीची वाटते, उजेड असतो आणि ऊन अजून चढलेलं नसतं. पण हा अंदाज आहे, जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, त्यामुळे निघायच्या आधी टाइड टेबल किंवा भरती-ओहोटीचं कुठलंही अ‍ॅप बघाच. मुंबईत ओहोटीचा आकडा अर्धा मीटर किंवा त्याखाली असेल तो दिवस पकडा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४-५ मीटरपर्यंत जातो, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे मालवणला उघडा पडणारा पट्टा मुळातच अरुंद असतो.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचा, पाणी उतरतंय तसतसं त्याच्या मागे मागे चला, आणि पाणी फिरलं की तुम्ही पण फिरा. यात हयगय नको. बघता बघता मागची वाट पाण्याखाली जाते, विशेषतः मुंबईत. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी जिथे लाट थेट कातळावर आपटते तिथे हे करायला जाऊच नका.

काय न्यायचं

घट्ट बसणारे, पुढून बंद असलेले, रबरी तळाचे बूट, कालवांच्या धारेने पाय असा कापतो की कळत पण नाही. छोटा टॉर्च, टोपी, पाणी, मोबाइलला वॉटरप्रूफ पाउच, दहा रुपयांचं नाणं (कशाला ते पुढे सांगते). पूर्ण बाह्यांचा शर्ट. बादली, जाळी, चिमटा, काचेची बरणी यातलं काहीही नको. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या हातातलं ते प्लास्टिकचं फावडं पण गाडीतच ठेवा.

बरणीचं मी मुद्दाम म्हणते. लहानपणी मी एक जांभळा स्पंज बरणीत भरून घरी आणला होता, समुद्राचंच पाणी घातलं होतं, वाटलं राहील. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं, तिसऱ्या दिवशी घरभर वास, आणि तो जांभळा रंग जाऊन राखाडी लिबलिबीत गोळा उरला. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली जा, समुद्रात नेऊन टाक. मला अजून तो वास आठवतो.

ओळखायचं कसं

पहिल्यांदा जाल तेव्हा काहीच दिसणार नाही, सगळा कातळ एकसारखा काळा-तपकिरी वाटेल. थांबा. एका डबक्यापाशी उकिडवे बसा आणि पाच मिनिटं फक्त बघा, हळूहळू रंग वेगळे व्हायला लागतात.

स्पंज बहुतेक वेळा सावलीत असतो, कपारीत, पुढे आलेल्या दगडाच्या खालच्या अंगाला, जिथे ओहोटीला पण ओल राहते. उघड्या खडकावर ऊन आणि वारा याला सोसत नाही. आपल्या किनाऱ्यावर बरेचसे स्पंज पापुद्र्यासारखे पसरलेले असतात, जाडी बोटभर किंवा त्याहून कमी, तव्यावर घावन पसरावं तसे. चित्रात दाखवतात तसे उंच नळे आणि पिंप बघायला खोल आणि स्वच्छ पाणी लागतं, अंदमान लक्षद्वीपला गेलात तर दिसतील.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगते, कारण इथेच सगळे चुकतात.

हिरवट किंवा तपकिरी बटणं एकाला एक खेटून गालिचा पसरलाय असं दिसलं तर ते झोअँथिड, प्रवाळाच्या नात्यातले प्राणी, स्पंज नाही. मुंबईपासून मालवणपर्यंत हे भरपूर आहेत. प्रत्येक बटणाला कडेने बारीक झालर असते, पाणी असेल तेव्हा उघडी, पाणी गेलं की मिटलेली. यांना हात तर लावायचाच नाही, यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं.

दगडासारखं टणक, अंगावर चांदण्यांसारखे कोरीव खळगे, ते प्रवाळ. हो, कोकणात आणि मुंबईत सुद्धा जिवंत प्रवाळ आहे, हाजी अलीजवळ आहे, म्हणून तर कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या होत्या.

काचेसारखी चकचकीत, थोडी पारदर्शक कातडी आणि जवळजवळ दोन भोकं अशी जोडी दिसली तर तो सी स्क्वर्ट. हा खरं तर आपल्या जवळचा नातेवाईक, याच्या पिल्लाला पाठीच्या कण्यासारखी दोरी असते. सावली पडली किंवा पाणी हललं की याची भोकं पटकन मिटतात. स्पंजाचं तोंड असं पटकन मिटत नाही, ही सोपी खूण.

आणि स्पंज म्हणजे, पृष्ठभाग मॅट, मखमली किंवा खरखरीत, मध्ये मध्ये उंचवटे आणि त्या उंचवट्यांच्या टोकाला गोल भोक, ज्वालामुखीच्या तोंडासारखं. तेच ऑस्कुलम. कधी एक, कधी वीसपंचवीस. झालर नाही, चांदणी नाही, नुसतं स्वच्छ गोल भोक.

रंगावरून जात ठरवायला जाऊ नका. एकाच जातीचा स्पंज उन्हात वेगळा आणि सावलीत वेगळा दिसू शकतो, कारण काही स्पंजांच्या अंगात सूक्ष्मजीव भरलेले असतात, काहींत तर शरीराचा तिसरा हिस्सा भरेल इतके, आणि रंग कधी कधी त्यांचाच असतो. जगात नऊ हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत आणि नक्की जात सांगायला तज्ज्ञसुद्धा स्पंजाच्या अंगातल्या सुईसारख्या बारीक काटक्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आपल्याला "जांभळा, पसरलेला, भोकं लहान" एवढं पुरे.

बघायची पद्धत

हात पाठीमागे. खरंच, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायची सवय लावा, मुलांना तर हाच खेळ म्हणून शिकवा. मालवणात एक मच्छीमार काका आम्हाला वाट दाखवायला आले होते, ते माझ्या भाचीला म्हणाले, "हात लावू नको गो, नुसता बघ, तां खंय पळान जाता?" एवढंच, पण तिला ते पटलं, दोन तास तिने हात पाठीमागेच ठेवले.

पाय कोरड्या, उघड्या कातळावर किंवा वाळूवर, डबक्यात नाही. वाळूवर पाय पडला तरी घसटत चालायचं नाही, कारण गाळ उडतो आणि उडालेला गाळ याच्या बारीक भोकांत जाऊन बसतो, मग स्पंजाला पाणी ओढणं कमी करावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ खाणं पण बंद आणि श्वास पण अर्धा.

दगड उलटायचा मोह होतो, खाली कायतरी भारी असणार असं वाटतं आणि असतंच. शक्यतो उलटू नका, कडेने टॉर्च मारून वाकून बघा, बरंच दिसतं. उलटलाच तर दोन्ही हातांनी, हळू, आणि तीस सेकंदांत पुन्हा त्याच जागी, तीच बाजू खाली. दगड उलटा राहिला तर सावलीतले सगळे उन्हात भाजून मरतात आणि उन्हातलं शेवाळ अंधारात मरतं. किनाऱ्यावर असे उलटे पडलेले दगड दिसले, खालची फिकट रंगीत बाजू वर आलेली, की समजायचं कोणीतरी येऊन गेलंय. मी ते पुन्हा सरळ करून ठेवते, पूर्ण वाळलेले नसतील तर.

पाण्यात असलेला स्पंज कधीही, एका क्षणासाठी सुद्धा, पाण्याबाहेर काढायचा नाही. आपल्याला वाटतं काय होतंय, परत ठेवतो की. पण उचलल्याबरोबर आतल्या नळ्यांतलं पाणी गळतं आणि तिथे हवा शिरते, ती हवा परत पाण्यात ठेवल्यावर पण निघत नाही, तेवढा भाग आतून मरतो आणि मग सडत पुढे जातो. वरून दोन दिवस छान दिसेल, म्हणून उचलणाऱ्याला कधी कळतच नाही की आपण त्याला मारलं. ओहोटीला स्वतःहून उघडे पडणारे स्पंज वेगळे, ते आपल्या जागी ओल धरून बसलेले असतात.

कोणीतरी नक्की सांगेल की स्पंजाचा तुकडा तोडला तरी परत वाढतो. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला, सगळ्या पेशी सुट्या झाल्या, आणि त्या पुन्हा एकत्र येऊन नवे स्पंज तयार झाले, हे खरं आहे. पण ते बशीतल्या शांत स्वच्छ पाण्यात. लाटेत तुटलेल्या तुकड्याला दगडाला चिकटायला मिळालं पाहिजे, गाळाखाली दबायला नको, कोणी खायला नको. शिवाय कॅरिबियनमधल्या मोठ्या पिंपासारख्या स्पंजांचं वय शास्त्रज्ञांनी काढलंय ते काही शे वर्षं, सगळ्यात मोठ्याचं तर दोन हजारांच्या वर. वाढतो म्हणजे किती हळू वाढतो ते यावरून बघा.

आणि हात न लावण्यात तुमचा पण फायदा आहे. बऱ्याच स्पंजांच्या अंगात सिलिकाच्या किंवा चुन्याच्या बारीक काटक्या असतात, त्या बोटात मोडून राहतात, आणि फायर स्पंज म्हणतात त्या जातींना हात लागला तर दिवसभर आग होते, खाज येते, फोड येतात.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. डबक्यात पूर्ण बुडालेला, मोठ्या तोंडाचा स्पंज शोधा. आपली सावली त्यावर पडणार नाही असं बसा. भरतीचं पाणी अजून आलेलं नाही, डबकं एकदम स्थिर आहे अशी वेळ पाहिजे. आता तोंडाच्या वरच्या पाण्यात तरंगणारे कण शोधा, असतातच, धुळीसारखे. बाजूचे कण जागच्या जागी लोंबकळत असतात, आणि जो कण ऑस्कुलमच्या वर येतो तो अचानक वर उडतो, कोणीतरी खालून फुंकर मारल्यासारखा. मग दुसरा येतो, तो पण उडतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आधी वाटलं खाली मासा आहे, दहा मिनिटं बघितल्यावर कळलं की हाच, हा न हलणारा, दगडासारखा बसलेला जीव पाणी फेकतोय. एकदा हे दिसलं ना की माणूस परत कधी त्यावर पाय देत नाही. मी लोकांना भाषण देणं बंद केलंय, सरळ तिथे नेऊन बसवते.

स्नॉर्केलिंगला जाताना

मालवण, तारकर्लीला स्नॉर्केलिंग जोरात चालतं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, १९८७ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपण चक्क अभयारण्यात पोहत असतो. ताडोब्यात जीपमधून उतरून झाडं तोडत नाही ना आपण, तसंच इथे.

बोट ठरवतानाच विचारा, दादा, नांगर कुठे टाकणार? वाळूत टाकणार असतील किंवा बांधायला बोया (पाण्यावर तरंगणारा पिंपासारखा फुगा) असेल तर उत्तम. मी एकदा अशा बोटीत होते जिथे नांगर सरळ खडकावर टाकला आणि निघताना ओढला तर त्याच्या दाताला पिवळ्या स्पंजाचा हाताएवढा तुकडा अडकून आला, सगळ्यांनी बघितला, कोणी काही बोललं नाही, मी पण बोलले नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता मी बसायच्या आधीच विचारते, गोड बोलून विचारलं की बहुतेक दादा लोक ऐकतात, कारण खाली दाखवायला काही उरलं नाही तर धंदा त्यांचाच बसणार आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पाण्यात उतरल्यावर उभं राहायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. घाबरल्यावर माणूस पाय खाली टेकतो आणि खाली जे असेल ते चिरडतो. त्यामुळे पोहता येत नसेल तर आधी कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर मास्क आणि श्वासाची नळी लावून सराव करा, पंधरा मिनिटं लागतात, आणि मग रिंगला धरून आडवे तरंगत राहा. फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे) असतील तर पाय पृष्ठभागाजवळ, खाली फटकारे मारले की गाळाचा ढग उठतो. माशांना ब्रेड, बिस्किट टाकायचं नाही, टाकू पण द्यायचं नाही, मासे फोटोत येतात खरे पण पाणी खराब होतं आणि जे मासे शेवाळ खाऊन कातळ साफ ठेवतात ते तेवढा वेळ मैद्यावर जगतात.

सनस्क्रीन शक्यतो लावूच नका, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही दोन रसायनं प्रवाळाला घातक म्हणून हवाईने २०२१ पासून त्यांच्या क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली आहे. चेहऱ्याला लावायचंच असेल तर मागची बारीक अक्षरं वाचून ही दोन नसलेलं घ्या आणि पाण्यात जायच्या अर्धा तास आधी लावा.

फोटो आणि नोंद

तीन फोटो काढा. एक लांबून, आजूबाजूचा कातळ दिसेल असा. एक पूर्ण स्पंजाचा, बाजूच्या कोरड्या दगडावर ते दहा रुपयांचं नाणं ठेवून, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणजे आकार कळतो (नाणं स्पंजावर ठेवायचं नाही आणि विसरून पण यायचं नाही). आणि एक जवळून, ऑस्कुलम स्पष्ट दिसेल असा. फ्लॅश नको, पाण्यावर चमकतो, त्यापेक्षा टॉर्च बाजूने तिरका मारा, पोत छान उठून दिसतो. पाण्यावर चकाकी येत असेल तर टोपीची सावली पाडा.

हे फोटो तारीख आणि जागेसकट आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) टाका. तिथे कोणीतरी ओळखायला मदत करतं, आणि नाही ओळखलं तरी नोंद राहते. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले लोकांना घेऊन किनाऱ्यावर फिरतात, त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या, अशा हजारो साध्या फोटोंमुळेच आज आपण सांगू शकतो की गिरगाव आणि कार्टर रोडला काय काय राहतं. दरवर्षी त्याच डबक्याचा त्याच कोनातून फोटो काढलात तर अजून चांगलं. माझ्याकडे एका कपारीचे असे पाच हिवाळ्यांचे फोटो आहेत, केशरी स्पंज आधी नाण्याएवढा होता, मग दोन नाण्यांएवढा, मग एका वर्षी अर्धाच उरला आणि त्यावर निर्माल्याची पिशवी अडकलेली होती. ती पिशवी काढली. पुढच्या वर्षी तो परत थोडा वाढला.

उचलून आणायचं नाही म्हणजे नाही

जिवंत असो नाहीतर मेलेलं, प्रवाळ उचलणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, आणि चुन्याच्या काटक्या असलेले स्पंज पण या कायद्याच्या यादीत आहेत. किनाऱ्यावर कोणी टोपलीत घेऊन बसलं असेल तरी विकत घेऊ नका, मागणी आहे म्हणून तर तोडतात.

आंघोळीला "नैसर्गिक स्पंज" म्हणून महाग मिळतो तो खराच समुद्री स्पंजाचा सांगाडा असू शकतो. मला विचाराल तर आपलं वाळवलेलं घोसाळं त्याहून छान घासतं, आणि ते अंगणात वेलीवर लागतं.

जाळ्याचा तुकडा कातळाला अडकलेला दिसला तर ओढू नका, ओढलं की त्याबरोबर चिकटलेले स्पंज आणि प्रवाळ पण निघतात. कात्री असेल तर सुटं असेल तेवढं कापून घ्या, घट्ट बसलेलं राहू दे. कासव अडकलेलं किंवा जखमी दिसलं तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, लगेच फोन करा. आणि ओळखीत मच्छीमार असतील तर त्यांना हे नक्की सांगा की जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, डिसेंबर २०१८ पासून ही योजना आहे, फक्त सोडतानाचे फोटो लागतात. एक हॉक्सबिल सुटलं तर स्पंज खाणारं, पर्यायाने प्रवाळाला जागा करून देणारं एक तोंड समुद्रात परत जातं.

मुलांना हातात काय द्यायचं

मुलं हात लावल्याशिवाय राहत नाहीत, त्यांना काहीतरी पाहिजेच. त्यासाठी खडपातून बाहेर पडा आणि पुळणीवर या. भरतीच्या रेषेवर जुने रिकामे शिंपले पडलेले असतात, त्यातला जाड, कालवाचा वगैरे, असा शोधा ज्याच्यावर बारीक बारीक गोल भोकं आहेत, चाळणीसारखी. ती भोकं पोखरणाऱ्या स्पंजाने पाडलेली असतात. क्लायोना नावाचा स्पंज चुनखडीचे कण एकेक करून सुटे करतो आणि शिंपल्याच्या आत घर करून राहतो, प्रवाळाच्या जुन्या सांगाड्यात पण हाच शिरतो. कधी कधी गोगलगायीने पण शिंपल्याला भोक पाडलेलं असतं, ते वेगळं, ते एकच आणि नीट कोरलेलं असतं. चाळणी झालेला असेल तर तो स्पंजाचा.

तो शिंपला मुलाच्या हातात द्या, उन्हाकडे धरायला सांगा, भोकांतून उजेड येतो. बोटाने दाबला तर कडा भुरभुर तुटते आणि तळहातावर पांढरी पूड उरते, बघू दे त्याला, पुळणीतल्या वाळूतला काही भाग असाच तयार झालेला आहे. मग तो शिंपला जिथून उचलला तिथेच ठेवायला सांगा, आणि तोवर ओहोटी फिरलेली असेल, वर या.